रॉटरडॅमला अडकलेली मावशी

कस्टम्समध्ये होते असं सांगितलं की लोक आधी माझ्या बांगड्यांकडे बघतात. जप्त झालेल्या सोन्यातलं चिमूटभर तरी घरी येत असेल, असा त्यांचा हिशेब. वसईत, आमच्या सांडोर गावी, शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांनी तर चर्चच्या पायरीवर अडवून विचारलं होतं, "सेलिनाबाय, माझा नातू दुबईहून येतोय. तू कुठल्या गेटला उभी असतेस?"

मी कुठल्याच गेटला उभी नसायचे. विमानतळावर मी फक्त लोकांना पोचवायला गेले आहे, आणि सरकारी नोकरीही कधी केली नाही. मी क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत होते. परदेशी जाणारा माल आणि सरकार यांच्यामध्ये कागद घेऊन जो उभा असतो, तो क्लिअरिंग एजंट. मालवाल्याला वाटतं आम्ही सरकारचे, सरकारला वाटतं आम्ही मालवाल्याचे. लग्न जुळवणाऱ्यासारखी गत. सगळं सुरळीत झालं तर पंगतीत कुणी ओळख देत नाही, आणि बिनसलं तर दोन्हीकडची मंडळी आधी आमच्या दारात.

नोकरीत मी बरंच काही बोटीवर चढवलं. वसई पूर्वेच्या गाळ्यांमधले यंत्रांचे सुटे भाग, स्टीलची भांडी, कंपासपेट्या. एकदा मेणबत्त्याही पाठवल्या, त्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून जाताना एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि पलीकडे एकच मोठी मेणबत्ती पोचली. पण कुणी मला माझ्या कामातली एकच गोष्ट सांगायला लावली तर मी जूचंद्रच्या हरेश्वर पाटलाची सांगते.

ही भानगड सुरू केली आमच्या बावतीसने. बावतीस माझ्या नवऱ्याचा पुतण्या. लिस्बनला त्याचं दुकान आहे, मसाले, लोणची, पापड आणि सणासुदीचं सामान. सुट्टीवर आला असताना तो नायगावहून कुठेतरी चालला होता. जूचंद्रमध्ये नव्या टॉवरच्या सावलीत एक पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गणपती वाळत होते. कागदाच्या लगद्याचे, हलके. बावतीस आत गेला आणि बाहेर आला तो ऑर्डर देऊनच. नाताळच्या गोठ्यातली माणसं बनवायची. मरिया, योसेफ, बाळ येशू, तीन राजे, मेंढपाळ, गाय, गाढव. "पण आपल्या वसईतल्यासारखी दिसली पाहिजेत," एवढंच त्याने बजावलं आणि विमानात बसून गेला.

हरेश्वरने जन्मात कधी गोठा केला नव्हता. पण माणूस मनापासून काम करणारा. त्याने आमच्या भागातली देवळं, म्हणजे चर्चं, पालथी घातली. फादरांना जाऊन योसेफच्या वयाबद्दल शंका विचारल्या. गाढव मिळेना, तेव्हा माती वाहणाऱ्यांच्या गाढवामागे अर्धा दिवस चित्रं काढत फिरला. मग बावतीसच्या सांगण्यावरून तो माल कसा पाठवायचा हे विचारायला आमच्या घरी आला, हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन.

आमच्या ओसरीवर त्याने एकेक मूर्ती मांडली. योसेफच्या खांद्यावर पंचा होता. तिन्ही राजांना फेटे होते, आणि एक राजा आमच्या माजी सरपंचांसारखा दिसत होता. मरियेचा चेहरा मात्र असा साधला होता की मी ती मूर्ती उचलून उजेडात धरली. शेवटी त्याने खोक्यातून एक बाई काढली. हिरवं लुगडं, काष्टा, अंबाड्यात अबोली, एक हात कमरेवर आणि डोक्यावर मासळीची पाटी. पाटीत चांदीच्या रंगाची पापलेटं, बोटाच्या पेराएवढी, प्रत्येक वेगळं केलेलं.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोलीन हाय, म्हावरं विकनारी."

"अरे पण बायबलात कोळीण नाही."

हरेश्वरने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "गावात बाल जन्मलं, बाय. शेजारची बाई बघायला येनार नाय काय?"

मी कोळिणीला उचलून मेंढपाळाशेजारी ठेवलं.

आता धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. सुक्या बोंबलाला एक, ताज्या बोंबलाला दुसरा, आणि बोंबलाच्या आकाराचं खेळणं केलंत तर त्याला तिसराच. क्रमांकावरून शुल्क ठरतं आणि नियमही ठरतात. नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती सणाच्या सजावटीत मोडतात. पण तीच मूर्ती मुलांनी खेळायची बाहुली ठरली, तर ती खेळणं होते आणि खेळण्याला युरोपात सुरक्षिततेचं चिन्ह लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं. आमच्या मूर्ती सजावटीच्या होत्या, तशी नोंद करून मी निर्धास्त होते.

दुसरी गोष्ट वाटेची. न्हावा शेव्याहून आमचा कंटेनर हॉलंडला रॉटरडॅमच्या बंदरात उतरणार होता, आणि तिथून माल ट्रकने लिस्बनला जाणार होता. हे हरेश्वरला समजावताना नकाशा काढला तर तो चिंतेत पडला.

"मदी एवडे देश लागतात. परतेक जन थांबवनार, खोका उघडनार. माझ्या राजांचे फेटे राहतील काय?"

"कुणी थांबवणार नाही. त्या सगळ्यांची कस्टम्स युनियन आहे."

"युनियन म्हनजे संप करतात ती?"

सरकारी मराठीत तिला सीमाशुल्क संघ म्हणतात, पण ते ऐकवून त्याचा काही फायदा झाला नसता. मी म्हटलं, "दहिसरचा जकात नाका आठवतो ना?"

तो नाका वसईच्या माणसाला कसा विसरेल? भाजीचा टेम्पो असो की गणपतीचा, रांगेत उभं राहायचं, कागद दाखवायचे. प्रत्येक शहराची जकात निराळी. पुढे जकात गेली आणि टेम्पो सुसाट निघाले. "तसंच त्यांनी देशादेशांत केलं," मी म्हटलं. "आतले नाके काढले, आणि बाहेरच्या कुंपणाला जेवढी दारं आहेत त्या सगळ्यांवर एकच दर लावला. पहिल्या दारात शुल्क भरलं की झालं. मग हॉलंडहून पोर्तुगालपर्यंत माल आपल्या घरात फिरल्यासारखा फिरतो."

"आनि कुना एका देशाला वाटलं आपन दर कमी लावू या?"

प्रश्न फार बरोबर होता. "तसं करता येत नाही. एकाने आपलं दार स्वस्त केलं तर जगातला सगळा माल त्याच दारातून आत शिरेल आणि बाकीचे बघत बसतील. म्हणून दर ठरवायचा तर सगळ्यांनी बसून ठरवायचा. नुसता आपसात करार केलेले देश वेगळे. त्यांचं आपसातलं शुल्क माफ, पण बाहेरच्यासाठी प्रत्येकाचा दर स्वतंत्र. तिथे मग माल खरा कुठला, हे प्रत्येक वेळी सिद्ध करत बसावं लागतं."

हरेश्वर म्हणाला, "म्हनजे ही एका चुलीची भावकी, आनि ती नुसती येनंजानं असलेली."

मी नोकरीत कितीतरी नव्या मुलांना हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं. पुढच्या वेळेपासून मी भावकीच सांगू लागले.

प्रत्येक संचात एक कोळीण घालून माल गेला. गणपतीनंतरची ती पहिलीच ऑर्डर, त्यात परदेशी, म्हणून हरेश्वरने दिवाळीची दुसरी कामं नाकारली होती. टॉवरवाल्यांना त्याची शेड हवी होती आणि त्याचे भाऊ देऊन टाक म्हणत होते. "भायेर माल गेला तर त्यांची तोंडं गप होतील," असं तो मला एकदा म्हणाला होता. म्हणून तो बोटीचा मागोवा माझ्यापेक्षा जास्त घेत असे. फोन करून सांगायचा, "बाय, बोट सुएझमदी शिरली." घरातलं कुणी बाळंतपणाला गेल्यासारखा आवाज.

बोट वेळेवर लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आनेकेचा फोन आला. आनेके म्हणजे आमच्यासारखंच काम तिकडे करणारी डच बाई. आमची ओळख कित्येक वर्षांची, फक्त आवाजाची. ती कधी आवाज चढवत नसे, आणि म्हणूनच तिने "एक लहानसा प्रश्न आहे" म्हटलं की मी आधी फाइल पुढे ओढायचे.

लहानसा प्रश्न असा होता. अधिकाऱ्याने नमुन्याला खोकं उघडलं. मरिया कळली, राजे कळले, गाढवही ओळखलं. मग डोक्यावर मासे घेतलेली बाई निघाली. ती कोण, हे त्याला कळेना. त्याने तिला उचलून वाकडी केली आणि पाटीतली सगळी पापलेटं टेबलावर सांडली. निघणारे बारीक भाग, कपडे घातलेली बाई, आणि येशूजन्माशी संबंध दिसत नाही. त्याला शंका आली की ही बाहुली आहे. खेळणं असेल तर चिन्ह कुठे आहे? सबंध माल थांबवला.

मी हरेश्वरला घरी बोलावलं आणि आनेकेला व्हिडिओवर घेतलं. ती गोदामात उभी होती, डोक्यावर हेल्मेट, हातात आमची कोळीण.

"त्यांना विचार," आनेके म्हणाली, "ही बाहुली म्हणून बनवली आहे का?"

मी विचारलं. हरेश्वर ताठ झाला.

"बाहुली? ही माझी पारूमावशी हाय."

"काय म्हणाले?" आनेकेने विचारलं.

"मावशी आहे म्हणतात."

आनेकेने मूर्तीकडे पाहिलं, मग हरेश्वरकडे, मग शांतपणे म्हणाली, "साम्य आहे. पण ते क्रमांक ठरवायला पुरेसं नाही."

पारूमावशी खरीच होती. नायगावला मासळी विकायची. हरेश्वरची आई लवकर गेली, तेव्हा या मावशीने त्याला वाढवलं. त्याने मरियेला जेवढा वेळ दिला नव्हता तेवढा तिच्या कमरेवरच्या हाताला दिला होता, हे मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी बावतीसचा फोन. तो संतापला होता आणि त्याच्याकडे उपाय तयार होता.

"काकी, माल तिथून काढा आणि लिस्बनच्या बंदरात आणा. ते डच लोक, त्यांना गोठ्यातलं काय कळतं? इथले अधिकारी आपल्यासारखे कॅथलिक आहेत. खोकं उघडतील, क्रूसाची खूण करतील आणि सोडतील."

"बावतीस, दार बदलून काही होत नाही. पुस्तक एकच आहे, क्रमांक एकच आहे, नियम एकच आहे. हॉलंडमध्ये जी बाहुली ती पोर्तुगालमध्येही बाहुली. त्यासाठीच तर त्यांनी युनियन केली आहे."

"मग स्वित्झर्लंडला पाठवा. आपला आल्बर्ट आहे तिथे. तिथून ट्रकने आणतो."

"स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही."

"काकी, तो देश मधोमध आहे. चारी बाजूंनी हेच आहेत."

"मधोमध राहतो, पण चूल वेगळी आहे. तिथून आणताना पुन्हा त्याच दारात उभा राहशील."

"इंग्लंड?"

"ते वाटणी घेऊन बाहेर पडलं. तिथून लोणचं मागवलंस तेव्हा तुलाच तर त्रास झाला होता."

मग बावतीसने शेवटचा पत्ता टाकला. "मग त्या बाईला संत करा. सांगा की ही संत ॲना, मरियेची आई. नातू बघायला आलीय. म्हणजे ती गोठ्यातलीच झाली."

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. कोणाला कळलं असतं? पण कागदावर माझ्या कचेरीचं नाव होतं, आणि शिवाय हरेश्वर समोरच बसून स्पीकरवरचं सगळं ऐकत होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"बावतीसशेट, मावशीला संत नका करू. तिनं उभ्या जल्मात एवड्या शिव्या दिल्यात, खऱ्या संताला राग येल. आनि संत डोक्यावर पापलेट कशाला घेल?"

बावतीसने फोन ठेवला. तो रागावला होता, आणि त्याची अडचण खोटी नव्हती. आगमन काळ, म्हणजे नाताळच्या आधीचे गोठ्याच्या खरेदीचे चार आठवडे, तोंडावर आला होता. नाताळनंतर पोचलेल्या गोठ्याला कोण विचारतो? माल परत आणायचा किंवा तिथेच नष्ट करायचा, एवढंच उरलं असतं. हरेश्वरने "नष्ट म्हनजे कसा?" असं विचारलं, आणि मी चहा गरम करायला आत गेले.

पुढचे काही दिवस आम्ही पुरावे गोळा केले. आमच्या गावागावांतल्या नाताळच्या गोठ्यांचे फोटो. कुणी गोठ्यात विहीर आणि रहाट केला होता, कुणी केळीची बाग, एका मंडळाने तर गोठ्यामागे फ्लायओव्हर उभा केला होता. तो फोटो मी पाठवला नाही. आनेके सगळं नेऊन दाखवत होती. अधिकारी सज्जन होता, पण त्याचं म्हणणं एकच, ही तुमच्या गावची पद्धत झाली. युरोपात अशा मूर्तीला गोठ्यातली मूर्ती मानतात याचा आधार द्या.

आणि आधार दिला बावतीसने. तो आमच्यावर रुसला होता, पण दुकानासाठी दुसऱ्या मूर्ती शोधायला म्हणून लिस्बनच्या जुन्या बाजारात गेला. तिथे पोर्तुगीज गोठ्यांची मातीची माणसं मांडलेली होती. कपडे धुणारी, पाव भाजणारा, कोंबडी धरलेला म्हातारा. आणि त्यांच्यात एक बाई, डोक्यावर टोपली, टोपलीत मासे, एक हात कमरेवर. बावतीसने फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी त्याला लगेच फोन लावला.

"काकी, तीच आहे," तो म्हणाला. "फक्त लुगडं नाही."

मी तो फोटो आनेकेला पाठवला. ती एकदम कामाला लागली. युनियन असल्यामुळे एका देशाने एखाद्या वस्तूचा क्रमांक ठरवला की तो निर्णय सगळ्यांना पाहता येतो. आनेके ते निर्णय चाळत बसली, आणि भूमध्य समुद्राकडच्या एका देशाचा जुना निर्णय तिने शोधून काढला. गोठ्याच्या संचासोबत आलेली गावकऱ्यांची माणसं, बेकरीवाला, गवळी, मासेवाला, ही गोठ्याचाच भाग धरावीत. बावतीसला माल दुसऱ्या दारात न्यायचा होता, ते जमलं नव्हतं. पण दुसऱ्या दारातलं म्हणणं आमच्या दारात आणता आलं.

अधिकाऱ्याने मान्य केलं. मावशी गोठ्यातली ठरली. राहिली फक्त पापलेटं. ती सुटी नकोत, लहान मूल गिळेल, एवढी एक अट त्याने घातली. शुल्क भरण्याआधी माल ज्या गोदामात ठेवतात तिथे परवानगीने किरकोळ डागडुजी करता येते. आनेकेने परवानगी काढली.

तो दिवस मी विसरणार नाही. रॉटरडॅमच्या गोदामात एक उंचापुरा डच कामगार गोंदाची नळी घेऊन बसला होता, त्याच्यापुढे पारूमावशींची रांग. इकडे आमच्या ओसरीवर हरेश्वर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"त्याला सांगा, तोंड भायेर. म्हावऱ्याचं तोंड भायेर ठेवतात. गिऱ्हाइकाला डोला दिसला पायजे."

मी ते इंग्रजीत सांगितलं, आनेकेने डचमध्ये सांगितलं. त्या माणसाने मान हलवली आणि मासा फिरवला.

"आता मोटा वर, बारका खाली."

पुन्हा इंग्रजी, पुन्हा डच. कामगार काहीतरी बोलला. आनेके हसली. मी इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. ती म्हणाली, "तो विचारतोय, ही ग्राहकाची फसवणूक नाही का?"

हरेश्वरला सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "त्याला म्हनावं, तुला धंदा कललाय."

ट्रक निघाला आणि आगमन काळाच्या पहिल्या रविवाराआधी लिस्बनला पोचला. मी हरेश्वरला कळवायला स्वतः जूचंद्रला गेले. शेडमध्ये त्याचे दोन्ही भाऊ बसले होते. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "माल पोचला. रॉटरडॅमहून निघाल्यावर बेल्जियम, फ्रान्स, स्पेन, सगळ्यांतून गेला. कुठेही कुणी अडवलं नाही, कुणी खोकं उघडलं नाही."

भाऊ एकमेकांकडे बघू लागले. हरेश्वरचा चेहरा मात्र पडला.

"कुनीच नाय उघडलं? फ्रान्सवाल्यांनी पन नाय?"

"अरे, तीच तर युनियनची सोय."

"सोय हाय," तो म्हणाला. "पन एवड्या देशांतनं राजे गेले. एकानं तरी बघायचं व्हतं."

मी जन्मभर माल न उघडता जावा म्हणून राबले. उघडला नाही याचं दुःख झालेला मालवाला हा एकच. परतताना रिक्षात मला वाटलं, आपणही इतक्या वर्षांत किती खोक्यांतलं नुसतं वजन आणि क्रमांक पाहिला. त्या मेणबत्त्या तरी कशा दिसत होत्या, मला आठवत नाही.

त्या नाताळला हरेश्वरने आमच्या घरासाठी एक संच आणून दिला. मी ओसरीवर गवत पसरून गोठा मांडला. सणाच्या दुपारी तो पारूमावशीला घेऊन आला. मावशी मूर्तीपेक्षा बारीक आणि वयस्क होती, पण हात कमरेवरच होता. आपण परदेशी दुकानात उभ्या आहोत हे तिला सांगितलेलं होतं आणि त्याचं तिला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

तिने वाकून गोठा नीट पाहिला. बाळ पाहिलं, मरियेला पाहिलं. मग पार मागे, मेंढपाळाच्या पलीकडे, स्वतःला शोधून काढलं.

"मना इतकी मागं कुनी ठेवली?"

"मावशी, पुढे राजांची जागा असते," मी म्हटलं.

"राजे कुठनं आले?"

"लांबून. पूर्वेकडून."

"मंग ते पोचंपरत मी चार येला येऊन गेली असन," ती म्हणाली. तिने फेटेवाल्या राजांना उचलून बाजूला केलं, स्वतःला बाळाच्या उशाशी नेऊन उभं केलं, आणि आतून येणाऱ्या चहाच्या कपासाठी हात पुढे केला.